धागा: उत्तर करेलियाचं लोणी आणि शेजारचं कुओपिओ

उत्तरेची_सई (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

चार वर्षं झाली मला फिनलंडात, कुओपिओला येऊन. सार्वजनिक आरोग्य हाच अभ्यासाचा विषय, त्यामुळे आल्या आल्या पहिली गोष्ट कानावर पडली ती 'उत्तर करेलिया प्रकल्पा'ची. जगभर ही गोष्ट शिकवतात. मी मात्र ती जरा वेगळ्या बाजूने ऐकते, कारण मी राहते तो कुओपिओचा भाग म्हणजे त्या प्रयोगातली 'तुलनेची बाजू'. शेजारच्या प्रांतात सगळं केलं, आणि आमच्याकडे मुद्दाम काही न करता फक्त मोजमाप ठेवलं. हे वाचल्यापासून मनात एक प्रश्न घर करून बसलाय. तो शेवटी लिहिते, आधी गोष्ट.

फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सीमेला लागून उत्तर करेलिया. तेव्हाची वस्ती साधारण १ लाख ८० हजार, मुख्य गाव योएन्सू. युद्धानंतर करेलियाचा मोठा तुकडा सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांवर माणसं घरदार सोडून अलीकडे आली. युद्धावरून परतलेल्यांना, विस्थापितांना जंगलात जमिनीचे तुकडे मिळाले. त्यांनी झाडं तोडली, गाई पाळल्या. अशा कष्टानंतर घरात लोणी आणि डुकराचं मांस आलं ते सुबत्ता म्हणून आलं. भाकरीवर जाड लोणी, जेवताना पेलाभर सायीचं दूध, मटणाच्या रश्शात चरबीचा तवंग, आणि खायला मीठ भरपूर. हिरवा पाला जनावरांनी खायचा अशीच समजूत. सिगारेटची सवय तर सैन्यातच लागलेली.

१९५०च्या दशकाच्या शेवटी अन्सेल कीज या अमेरिकन संशोधकाने सात देशांचा तुलनात्मक अभ्यास सुरू केला, त्यात पूर्व फिनलंडमधले पुरुष हृदयविकारात सगळ्यांच्या पुढे निघाले. गावातल्या लोकांना आकडे कळायच्या आधीच अनुभव होता. लाकूडतोड करणारा, अंगाने धडधाकट, चाळिशी-पन्नाशीतला माणूस छातीला हात लावून खाली बसायचा आणि संपायचा. घरात विधवा बाई, लहान मुलं, गोठ्यात गाई.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची पायरी. जानेवारी १९७१मध्ये या प्रांताचे गव्हर्नर, खासदार आणि तिथल्या संस्था-संघटनांचे प्रतिनिधी यांनी मिळून सरकारला अर्ज दिला: आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. मागणी खालून वर गेली. १९७२मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि त्याची धुरा दिली २७ वर्षांच्या पेक्का पुस्का या डॉक्टरकडे. त्याने वैद्यकाबरोबर राज्यशास्त्रही शिकलेलं होतं. पुढचं सगळं पाहिलं की मला वाटतं, त्या दुसऱ्या पदवीचा उपयोग पहिलीपेक्षा कमी झाला नसावा.

सुरुवातीला दोन्ही प्रांतांतल्या २५ ते ५९ वयाच्या लोकांची तपासणी झाली. उत्तर करेलियातल्या पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल ६.९ (इथलं एकक मिलिमोल), म्हणजे आपल्या लॅबच्या कागदावर २६७च्या घरात. ही सरासरी, लक्षात घ्या! निम्म्याहून जास्त पुरुष, ५२ टक्के, सिगारेट ओढणारे. भाकरीला लोणी लावणारे दहात आठ-नऊ. रोज भाजी खाणारा दहात एखादा.

आता डॉक्टर म्हणून तुम्ही काय केलं असतं? हृदयरोगाचं इस्पितळ बांधलं असतं? यांनी ते केलं नाही. त्यांचा हिशेब असा की मोजक्या धोक्यातल्या माणसांना शोधून औषध देऊन भागणार नाही, कारण इथे अख्खा प्रांतच धोक्यात आहे. सगळ्यांचंच कोलेस्टेरॉल थोडं थोडं उतरलं, तर एकूण मृत्यू खूप उतरतील.

म्हणून ते बायकांकडे गेले. इथे 'मार्ता' नावाची गृहिणींची संघटना आहे, १८९९पासूनची, गावोगाव शाखा. त्यांच्यासोबत 'दीर्घायुष्याच्या संध्याकाळी' भरवल्या, अशा शेकडो. गावाने जमायचं, बायकांनी नेहमीचाच रस्सा करायचा, पण डुकराची चरबी कमी आणि गाजर, बटाटा, लांटू (सलगमासारखा पिवळा कंद) जास्त. सगळ्यांनी बसून जेवायचं. डॉक्टरने थोडं बोलायचं. दुसऱ्या दिवशी तोच रस्सा घरात शिजायचा.

मग गावागावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी माणसं, दुकानदार, शेतकरी संघटनेचे लोक, यांना हाताशी धरलं. परिचारिकांनी रक्तदाबाच्या नोंदवह्या उघडल्या. सॉसेज करणाऱ्या स्थानिक कारखान्याला चरबीच्या जागी थोडी अळिंबी घालायला राजी केलं. बेकऱ्यांना मीठ कमी करायला, डेअऱ्यांना कमी स्निग्धांशाचं दूध बाजारात आणायला सांगितलं. १९७८पासून राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर सिगारेट सोडण्याचे कार्यक्रम झाले, त्यात साधी माणसं कॅमेऱ्यासमोर आठवड्यामागून आठवडे धडपडताना दिसायची.

निकाल: ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू पुढच्या चाळीसेक वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घटले.

आता माझा प्रश्न. पहिल्या पाच वर्षांनंतर, १९७७पासून, हे काम देशभर न्यायला सुरुवात झाली. आणि पुढे कुओपिओतले मृत्यूही उतरत गेले, बाकीच्या फिनलंडमधलेही. मग या यशाचं श्रेय नक्की कशाला द्यायचं? मला वाटतं, शेजारी सुधारला म्हणजे प्रयोग फसला असं नव्हे, तो पसरला. पण माझ्याच विभागातले काही जण हे मानत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

(माझे बाबा ५१व्या वर्षी गेले, साताऱ्याला, शेतातून घरी येताना. त्यामुळे या विषयाकडे मी परक्यासारखं पाहू शकत नाही, हे आधीच सांगते.)

---

शंकासुर (सोमवार, रात्री ११.१५)

लेख आवडला. बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

पण तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो: प्रयोग म्हणून पाहिलं तर पुरावा कच्चा आहे. चिठ्ठ्या टाकून प्रांत निवडले नव्हते. एका बाजूला एक प्रांत, दुसऱ्या बाजूला एक प्रांत. त्यातही करेलिया आधीपासून सगळ्यात वाईट स्थितीत, आणि जे सगळ्यात वर असतं त्याला खाली यायला जागाही जास्त असते. त्या दशकांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांमध्येही हृदयविकाराचे मृत्यू उतरतच होते, तिथे कोणी मार्ता नव्हत्या. १९७०च्या दशकात करेलियाची घसरण जास्त वेगाने झाली हे मान्य. पण नंतर इतर फिनलंडने ती गाठली. 'पसरला' हा शब्द सोयीचा आहे. फरक दिसला तर यश, आणि फरक नाही दिसला तरी यश, असं म्हणून चालत नाही.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. कॉफी! फिनलंडमध्ये पूर्वी कॉफी पातेल्यात उकळून प्यायचे. उकळलेल्या कॉफीतले काही तेलकट घटक कोलेस्टेरॉल वाढवतात, कागदी गाळणीत ते अडकतात. नॉर्वेतल्या ट्रोम्सो अभ्यासात १९८३मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला. त्याच काळात फिनलंडमधली घरं उकळलेल्या कॉफीकडून गाळलेल्या कॉफीकडे वळत होती, गाळणीची यंत्रं आली म्हणून. याचं श्रेय कोणत्या प्रकल्पाला?

---

डॉ_कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ७.०५)

ओपीडीला निघायच्या आधी लिहितो.

शंकासुर, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण दोन प्रश्नांची गल्लत होतेय. 'प्रकल्पाने केलं का' हा एक, आणि 'धोक्याचे घटक उतरल्यामुळे झालं का' हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. फिनलंडच्या १९८२ ते १९९७ या काळाचं विश्लेषण झालेलं आहे. त्यात मृत्यूंतल्या घटीपैकी निम्म्याहून जास्त वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांच्या उतरण्याचा निघाला, आणि उपचारांचा साधारण २३ टक्के. म्हणजे आम्ही अँजिओप्लास्टी, बायपास, गोळ्या यांनी जे केलं ते चौथ्या हिश्श्याच्या आत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मी रोज ज्या चौथ्या हिश्श्याचं काम करतो त्याला समाज हार घालतो. उरलेलं काम करणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नसतं.

आपल्याकडच्या माणसांना पहिला झटका बाहेरच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. 'इंटरहार्ट' या हृदयविकाराच्या झटक्यांवरच्या अनेक देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचं सरासरी वय ५३ निघालं, इतर देशांत ५८-५९. सईताई, तुमचे बाबा ५१. माझ्याकडे गेल्या महिन्यात ३८चा ऊसतोड मुकादम आला होता. तो वाचला.

---

ओवी_एस्पो (मंगळवार, दुपारी १.२०)

मीही फिनलंडमध्येच, पण हेलसिंकीशेजारी एस्पोला. माझा अनुभव जोडते, थोडा अवांतर वाटला तर सांगा.

दोन वर्षांपूर्वी इथे बाळंत झाले. गरोदर आहे कळल्यावर नवरा म्हणाला, चांगला डॉक्टर शोधू. शोधावा लागलाच नाही. 'नेउवोला'चा रस्ता प्रत्येक बाईला ठाऊक. नेउवोला म्हणजे माता-बाल सल्ला केंद्र. आर्व्हो यल्प्पो या बालरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने १९२०च्या दशकात हेलसिंकीत सुरुवात झाली, १९४४च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेवर ती चालवणं बंधनकारक झालं. बहुतेक वेळा भेटायची ती नर्स, पहिल्या भेटीपासून तीच. ती वजन-रक्तदाब बघायची, पण त्याआधी विचारायची की झोप लागते का, घरी कोण आहे, एकटं वाटतं का. आई सांगलीला, मी इथे नोव्हेंबरच्या अंधारात. त्या प्रश्नाला मी रडले होते.

आणि ती प्रसिद्ध बाळपेटी! कपडे, दुलई, चादर, आणि पेटीतच बाळ झोपेल अशी गादी. १९३८मध्ये गरीब आयांसाठी सुरू झाली, १९४९पासून सगळ्यांना. पण त्यातली खुबी फार थोड्यांना माहीत असते: पेटी हवी असेल तर चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यावं लागतं. पेटीच्या ओढीने बाई दारात येते, आणि एकदा आली की तिची नोंद होते, तिला सांभाळतात. सईने लिहिलेल्या रश्शाच्या जेवणासारखंच हे.

---

आबा_वाळवेकर (मंगळवार, रात्री ८.५०)

सईताई, धागा पोराने वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. माझ्या गोठ्यात सात म्हशी, चार गाई. तेव्हा मला जे दिसलं ते लिहितो.

तुम्ही लिहिलंय की डेअऱ्यांना कमी फॅटचं दूध आणायला सांगितलं. डेअरी ठीक आहे, ती दुधातली साय काढून वेगळी विकेल. पण शेतकऱ्याचं काय? आमच्याकडे संकलन केंद्रावर पोहोचलो की पहिलं बघतात ते फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग). गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ धरून भाव, त्याखाली आलं की कपात. म्हशीला भाव का, तर फॅट. मी माझ्या जनावराला सरकी पेंड घालतो ती फॅटसाठी. आता उद्या कोणी येऊन सांगितलं की तुमचं फॅट लोकांच्या जिवावर उठलंय, तर मी त्याला दारात उभं करणार नाही. लोकांच्या आरोग्यासाठी माझं घर बसणार असेल तर मी का ऐकावं?

त्या करेलियाच्या शेतकऱ्यांनी काय केलं, हे सांगा. त्यांनी मुकाट ऐकलं यावर माझा विश्वास नाही.

---

मेतकूट (मंगळवार, रात्री १०.३०)

आबांचा प्रश्न एक नंबर. उत्तराची वाट बघतोय.

तोवर माझे दोन शब्द, डेन्मार्कबद्दल. मी पुण्यात बेकरीला माल पुरवण्याच्या धंद्यात आहे. खारी, टोस्ट, नानकटाई, पॅटिस, या सगळ्याचा कुरकुरीतपणा वर्षानुवर्षं वनस्पती तुपावर उभा होता, आणि त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी. डेन्मार्कने २००३मध्ये नियम केला की तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालणार नाही. असा नियम करणारा तो जगातला पहिला देश. लोकांना 'खाऊ नका' म्हणून सांगत बसले नाहीत, मालातूनच काढून टाकलं. गिऱ्हाइकाला चवीत फरक कळला नाही. हीच २ टक्क्यांची मर्यादा आपल्याकडे जानेवारी २०२२पासून लागू झाली, त्याआधी एक वर्ष ३ टक्के होती.

आमच्या धंद्यात सुरुवातीला फार ओरड झाली. मीही ओरडणाऱ्यांत होतो. आज दुसरं फॅट वापरून तीच खारी होते. माझी नात ती चहात बुडवून खाते आणि मला बरं वाटतं.

---

उत्तरेची_सई (बुधवार, रात्री ९.१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, त्या मुकादमाबद्दल वाचून दिवसभर बरं वाटत होतं. ओवी, अवांतर मुळीच नाही.

आधी आबांना उत्तर, कारण तोच प्रश्न खरा.

आबा, तुमचा अंदाज बरोबर आहे. त्यांनी मुकाट ऐकलं नाही. दूध-लोणी हा तिथल्या शेतीचा कणा होता, आणि भाव फॅटवरच मिळायचा, अगदी तुमच्यासारखाच. लोण्याविरुद्ध बोलणारा डॉक्टर म्हणजे शेतकऱ्याचा शत्रू, अशीच भावना होती. विरोध वर्षानुवर्षं चालला. तो तीन गोष्टींनी मवाळ झाला.

एक, मरणारी माणसं शेतकऱ्यांच्याच घरातली होती. दोन, भाव देण्याची पद्धत बदलली. फॅटवरचा भर कमी होऊन प्रथिनांना भाव मिळू लागला, त्यामुळे कमी फॅटचं दूध म्हणजे कमी पैसे हे गणित मोडलं. तुमचं एसएनएफ समजा, त्याच दिशेने. तीन, दुसरं पीक उभं केलं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी बेरीचा आणि भाजीचा प्रकल्प चालवला. करेलियात उन्हाळा छोटा, पण दिवस फार लांब. स्ट्रॉबेरी, काळी बेदाणी बेरी (ब्लॅककरंट) उत्तम येते. अडचण अशी की बेरी उन्हाळ्यात चार आठवडे, मग संपली. म्हणून गोठवण्याची सोय, प्रक्रिया, विक्री हे सगळं सरकारच्या मदतीने बांधलं. काही दूध उत्पादक बेरीकडे वळले. शिवाय थंडीत तगणारं रिप्सी हे मोहरीच्या कुळातलं पीक देशभर वाढलं, त्याचं तेल घराघरात आलं. म्हणजे लोणी कमी झालं ते बाहेरून आणलेल्या तेलाने नव्हे, फिनलंडच्याच शेतातल्या तेलाने. हे झालं नसतं तर मला नाही वाटत काही टिकलं असतं.

इथल्या दुकानात मी रोज बघते. लाल खोक्यात पूर्ण दूध, निळ्यात कमी फॅटचं, फिकट निळ्यात बिनफॅटचं. लाल खोके एका कोपऱ्यात, थोडे.

आता शंकासुर. कॉफीचा मुद्दा मी मान्य करते, आणि तो मला आवडला. चिठ्ठ्या टाकून प्रांत निवडले नव्हते हेही खरं. पण असं बघा. १९७६च्या कायद्याने फिनलंडमध्ये तंबाखूची जाहिरात बंद झाली. तो कायदा देशासाठी होता, करेलियापुरता नव्हता. टीव्हीचा कार्यक्रम कुओपिओतल्या घरातही दिसला. डेअरीने नवं दूध काढलं ते प्रांताची हद्द बघून विकलं नाही. पाच वर्षं संपल्यावर शेजाऱ्याला मुद्दाम अडवून ठेवलं असतं, तर तुम्हाला हवा तसा स्वच्छ आलेख मिळाला असता, आणि कुओपिओतल्या आणखी काही बायका विधवा झाल्या असत्या. माझ्या इमारतीत खाली ८४ वर्षांच्या एक आजी राहतात. त्यांचे वडील आणि दोन्ही काका साठीच्या आत गेले. नवरा ७९ वर्षं जगला. त्या तुलनेच्या बाजूच्या. त्यांना मी प्रयोग फसला असं सांगू शकत नाही.

---

शंकासुर (बुधवार, रात्री ११.४०)

हे मी मानतो. माझं म्हणणं इतकंच की आपण उद्या सातारा-सांगलीत काही करायला गेलो, तर 'करेलियात झालं' एवढ्यावर पैसा मागू नये. आधी नीट मोजणी लावावी. त्यांनी १९७२मध्ये सुरुवातीलाच मोजलं आणि पुढे दर पाच वर्षांनी मोजत राहिले. मला तेच सगळ्यात मोठं काम वाटतं. ते नसतं तर आपण हा वादही घालू शकलो नसतो.

आणि ज्या गोष्टी जमल्या नाहीत त्याही धाग्यात याव्यात. बायकांचं धूम्रपान वाढलं ना?

---

उत्तरेची_सई (गुरुवार, सकाळी ६.३०)

हो, वाढलं. १९७२मध्ये करेलियातल्या साधारण १० टक्के बायका ओढायच्या, पुढे ते २० टक्क्यांच्या आसपास गेलं. पुरुषांचं ५२वरून १९९७पर्यंत ३१वर आलं आणि त्याच काळात बायकांचं वर चढलं. ज्या मार्तांनी पुरुषांना वाचवलं त्यांच्या लेकींपर्यंत आम्ही पोहोचलो नाही, असं इथल्या एक प्राध्यापक म्हणाल्या होत्या. वजनही वाढत गेलं. २०१०च्या आसपास कर्बोदकं टाळून लोणी खाण्याची लाट आली, तेव्हा २०१२च्या पाहणीत सरासरी कोलेस्टेरॉल कित्येक वर्षांत पहिल्यांदा वर गेलेलं दिसलं. आणि पूर्व फिनलंड आजही पश्चिमेपेक्षा मागेच आहे. त्यात थोडा भाग रक्ताचाही आहे. जन्मजात कोलेस्टेरॉल जास्त ठेवणारा एक जनुकीय दोष या भागात इतका आढळतो की त्याला नावच उत्तर करेलियाचं दिलंय.

मोजणीबद्दल पूर्ण सहमत.

---

डॉ_कृष्णाकाठ (गुरुवार, सकाळी ७.१०)

सईताई, एक मागणं. मार्तांच्या त्या संध्याकाळी कशा चालायच्या, किती वेळ, बोलायचं कोण, खर्च कोण करायचं, हे मिळेल तेवढं लिहा. आमच्याकडे बचत गट गावोगाव आहेत. दर महिन्याला जमतात, हप्ते गोळा करतात आणि उठतात. माझ्या तालुक्यात दोन गटांशी मी बोलू शकतो. मीठ आणि तंबाखूची मिसरी, एवढ्या दोनच गोष्टी घेऊ. रक्तदाबाची यंत्रं मी देतो. आणि शंकासुर म्हणतात तसं, सुरू करण्याआधी सगळ्यांचा रक्तदाब मोजून वहीत लिहू.

---

शंकासुर (गुरुवार, सकाळी ९.००)

वहीचा नमुना मी करून देतो. वय, मिसरी लावते का, घरात महिन्याला मीठ किती आणतात, दोन वेळा मोजलेला रक्तदाब. शेजारच्या दोन गावांचंही मोजा. आणि वर्षभराने त्यांनाही सगळं द्यायचं, हे आधीच लिहून ठेवा.

---

आबा_वाळवेकर (गुरुवार, रात्री ८.१५)

ताई, उत्तर मिळालं. भावाची पद्धत बदलली तर शेतकरी बदलतो, हे मला पटलं, आणि हे आमच्या सोसायटीच्या सभेत मी मांडणार. लगेच कोणी ऐकेल असं नाही.

डॉक्टरसाहेब, आमच्या गावच्या गटात माझी सून अध्यक्ष आहे. पहिली बैठक आमच्या अंगणात घ्या. जेवण आमच्याकडे. मीठ किती घालायचं ते तुम्ही सांगा.